रोगाआधी पोचणारी बुरशी

काचेच्या बशीत एका कडेला ट्रायकोडर्मा ही पिकाच्या उपयोगाची बुरशी आणि समोरच्या कडेला रायझोक्टोनिया ही रोग आणणारी बुरशी वाढायला ठेवली, तर काही दिवसांतच निकाल दिसतो. आधी दोन्हीकडून पांढरे तंतू सरकत येतात. मग ट्रायकोडर्मा दुसरीच्या अंगावर चढते आणि सगळी बशी हिरवी होत जाते. तो हिरवा रंग तिच्या बीजाणूंचा. सूक्ष्मदर्शकातून बघितलं, तर तिचे बारीक तंतू रायझोक्टोनियाच्या जाड तंतूंना वेटोळे घालून बसलेले असतात. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं. ते विरघळवणारी विकरं सोडून ट्रायकोडर्मा भित्तिकेला भोकं पाडते आणि आतलं अन्न शोषून घेते. रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये हे वर्तन नोंदवलं. भातावर पर्णकोष करपा आणणारी बुरशी हीच रायझोक्टोनिया.

पण शेतातलं खरं काम या झटापटीपुरतं नसतं, आणि मला तरी तेच जास्त विलक्षण वाटतं. बियाण्याला चोळलेली ट्रायकोडर्मा कोवळ्या मुळाबरोबर वाढते, जागा आणि अन्न आधीच ताब्यात घेते आणि मुळाच्या बाहेरच्या थरांत शिरते. तिची चाहूल लागून रोपाची स्वतःची संरक्षण यंत्रणा सज्ज होते. थरच्या वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांशी सापडलेल्या पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका या बुरशीनं तर हे फार सुंदर दाखवून दिलं. ती राहते फक्त मुळात. तरीही २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तिच्यामुळे बार्लीची मूळकूज तर कमी झालीच, शिवाय पानांवरची भुरीही कमी पडली!

धान्यातल्या विषांचा प्रश्न याहून गंभीर आहे. गव्हाच्या ओंबीवर पडणारी फ्युझेरियम ही बुरशी दाण्यात विषारी द्रव्यं सोडते, आणि शिजवल्यानंही ती पुरती नाहीशी होत नाहीत. क्लोनोस्टॅकिस रोझिया ही बुरशी फ्युझेरियमवर जगते आणि झिअरॅलेनोन या फ्युझेरियमच्या विषाचं विघटन करणारं विकरही तिच्याकडे असतं. मक्यातल्या अफ्लाटॉक्सिन या विषावरचा उपाय वेगळा आहे. ते अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी बनवते, पण तिचे काही वाण हे विष बनवूच शकत नाहीत. आफ्रिकेत असे वाण निर्जीव केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर लावून, तुरा येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी मक्यात टाकतात. विषारी भाऊबंदांना मग जागाच उरत नाही.

या सगळ्यांना रोगाच्या आधी पोचावं लागतं. पीक पिवळं पडल्यावर ट्रायकोडर्मा टाकून फारसं हाती लागत नाही, आणि वाऱ्यावरून येणाऱ्या तांबेऱ्यासाठी प्रतिकारक्षम वाणच हवेत. शिवाय ट्रायकोडर्मा जिवंत आहे. पाकीट उन्हात राहिलं किंवा मुदत उलटली, तर आत नुसती भुकटी उरते. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक तिलाही मारतं, म्हणून दोन्ही एकत्र कालवू नयेत. बीजप्रक्रियेत रासायनिक औषध द्यायचंच असेल, तर ते तिला चालणारं आहे ना हे आधी बघावं, ते आधी लावून वाळू द्यावं, ट्रायकोडर्मा शेवटी चोळावी, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरावं.