९० टक्के आणि १० पैकी ९ : शांत वेस्टर्नचे आकडे वाचताना

जेन कॅम्पियनचा 'द पॉवर ऑफ द डॉग' (२०२१) रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर शोधला, तर समीक्षकांचे टक्के नव्वदीच्या पुढे आहेत. तोच चित्रपट आयएमडीबीवर, म्हणजे प्रेक्षक गुण देतात त्या संकेतस्थळावर, १० पैकी ७ च्याही किंचित खाली. आता अँड्र्यू डॉमिनिकचा 'द असॅसिनेशन ऑफ जेसी जेम्स बाय द कावर्ड रॉबर्ट फोर्ड' (२००७) घ्या. टक्के सत्तरीतच अडकलेले, पण आयएमडीबीवर साडेसातच्या जवळ. दोन्ही वेस्टर्न (अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जुन्या काळच्या गोष्टी सांगणारे चित्रपट), दोन्ही संथ, दोन्हींत गोळीबारापेक्षा माणसांची धुसफुस जास्त. मग वरचढ कोणता? एका आकड्यानुसार पहिला, दुसऱ्यानुसार दुसरा.

यात कोणी लबाडी केलेली नाही. टक्के सांगतात की किती जणांना आवडला. सरासरी सांगते की किती आवडला. त्यात पहिल्या ठिकाणी मतं समीक्षकांची, दुसऱ्या ठिकाणी प्रेक्षकांची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेने आपल्याला लावलेली सवय अशी की ९४ टक्के दिसले की पोरगं बोर्डात आलं असंच वाटतं. इथे ९४ टक्क्यांचा अर्थ एवढाच की १०० पैकी ९४ जणांनी त्याला नापास केलं नाही. ते सगळे काठावर पास करूनही गेले असतील.

मारधाडीच्या चित्रपटात या दोन आकड्यांतली तफावत सहसा फार छळत नाही, कारण बहुतेकांची मतं एकाच ठिकाणी गोळा होतात. संथ, व्यक्तिरेखांवर चालणाऱ्या वेस्टर्नचं तसं नसतं. तिथे प्रेक्षक दुभंगतो, आणि दुभंगलेल्या मतांची सरासरी हा सगळ्यात फसवा आकडा असतो.

आधी टक्के कसे निघतात ते पाहू. रॉटन टोमॅटोज प्रत्येक समीक्षेवर एकच शिक्का मारतं : अनुकूल की प्रतिकूल. हा शिक्का समीक्षक स्वतः देतो किंवा संकेतस्थळाची माणसं समीक्षा वाचून देतात. अनुकूल समीक्षा ६० टक्के किंवा जास्त असल्या की लाल टोमॅटो, त्याखाली हिरवा चिखल. 'उत्कृष्ट कलाकृती' म्हणणाराही एक मत आणि 'बरा आहे, बघायला हरकत नाही' म्हणणाराही एकच मत.

शेजारी प्रेक्षकांचे टक्के असतात, पॉपकॉर्नच्या डब्याचं चित्र असलेले. इथे एक बारकावा आहे, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. प्रेक्षकाने ५ पैकी साडेतीन किंवा जास्त तारे दिले तरच तो 'आवडला' या रकान्यात जातो. तीन तारे दिले तर नाही. समीक्षकाच्या बाबतीत मात्र ५ पैकी ३ हा गुण बहुतेक वेळा अनुकूल धरला जातो. म्हणजे समीक्षक आणि प्रेक्षक दोघांचंही मत तंतोतंत सारखं असलं, 'ठीक, तीन तारे', तरी एक लाल टोमॅटोत जातो आणि दुसरा सांडलेल्या पॉपकॉर्नमध्ये. केली रायकार्टच्या 'फर्स्ट काऊ' या संथ वेस्टर्नला समीक्षकांचे टक्के नव्वदीच्या पुढे आणि प्रेक्षकांचे त्याहून कितीतरी खाली दिसतात, तेव्हा 'समीक्षकांचं डोकं फिरलंय' असा निष्कर्ष लगेच काढला जातो. त्या दरीचा काही भाग निव्वळ उंबरठ्याच्या उंचीतल्या फरकाचा आहे. सगळा नाही, पण काही भाग नक्की.

हा उंबरठा किती निर्दय आहे ते पाहा. १०० प्रेक्षकांनी प्रत्येकी ३ तारे दिले तर टक्के शून्य. त्याच १०० जणांनी साडेतीन दिले तर टक्के शंभर. सरासरी मात्र ३ वरून साडेतीनवर, अर्धा ताराच सरकली.

सरासरीवाले तिघे : आयएमडीबी, मेटाक्रिटिक आणि लेटरबॉक्स्ड. आयएमडीबीवर १ ते १० गुण, आणि दाखवलेला आकडा साधी सरासरी नसून भारित असतो. संशयास्पद मतांचं वजन कमी केलं जातं, त्याचं नेमकं सूत्र ते उघड करत नाहीत. मेटाक्रिटिकचा मुख्य आकडा समीक्षकांचाच, पण तिथे प्रत्येक समीक्षेला ० ते १०० गुण देऊन भारित सरासरी काढतात आणि काही प्रकाशनांना जास्त वजन देतात. ६१ पासून पुढे हिरवा रंग, ४० ते ६० पिवळा, त्याखाली लाल. त्यामुळे टोमॅटोवर ९५ आणि मेटाक्रिटिकवर ६५ असा चित्रपट दिसला तर समजावं, सगळ्यांना आवडलाय पण झपाटून कोणी गेलेलं नाही. 'फर्स्ट काऊ' आणि रायकार्टचाच आधीचा 'मीक्स कटऑफ' (२०१०) या दोघांचं तसं नाही. त्यांचे मेटाक्रिटिकचे आकडेही ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणजे समीक्षक नुसते अनुकूल नाहीत, भारावलेले आहेत. लेटरबॉक्स्डवर अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत मोजणी चालते, आणि तिथला प्रेक्षक मुळात चित्रपटांची नोंदवही ठेवणारा. असा माणूस संथपणाला सहजी दंड करत नाही.

आता खरी गंमत. दोन काल्पनिक चित्रपट घ्या, प्रत्येकी १०० प्रेक्षक, ५ पैकी तारे.

पहिल्याला ६० जणांनी साडेतीन दिले, ४० जणांनी तीन. टक्के ६०, सरासरी ३.३.

दुसऱ्याला ६० जणांनी साडेचार दिले, ४० जणांनी दीड. टक्के ६०, सरासरी ३.३.

दोन्ही आकडे हुबेहूब. पण पहिला चित्रपट वेळ घालवायला ठीक, लक्षात न राहणारा. दुसरा काहींना आयुष्यभर पुरणारा आणि काहींना अर्ध्या तासात बंद करावासा वाटणारा. शांत वेस्टर्न बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीचा असतो. म्हणून नुसते टक्के पुरत नाहीत, नुसती सरासरी पुरत नाही, आणि दोन्ही शेजारी ठेवूनही कधीकधी पुरत नाहीत. मतांची वाटणी बघावी लागते. आयएमडीबीवर गुणाच्या आकड्यावर टिचकी मारली की १ ते १० पर्यंतचे उभे खांब दिसतात. लेटरबॉक्स्डवर ते चित्रपटाच्या पानावरच असतात. एकच गोल टेकडी ६-७ वर असेल तर पहिली जात. ८-९ कडे उंच आणि खाली १ ते ४ मध्येही फुगलेले खांब असतील तर दुसरी. नुसता १ चा खांबच एकटा उंच असेल तर ते बहुधा रागाचं मत असतं, चित्रपटावरचं असेलच असं नाही.

खांब पाहिल्यावर मग मतं वाचायची, आणि वाचायची ती मधली. १० वाल्यांकडे विशेषणं असतात, १ वाल्यांकडे शिव्या. ४ ते ६ देणाऱ्याने चित्रपट बहुधा पूर्ण पाहिलेला असतो आणि काय खटकलं ते तो नीट सांगतो. आयएमडीबीवर गुणांनुसार मतं गाळता येतात. अशी आठ-दहा वाचली की तक्रारींचे ठरावीक गट दिसायला लागतात, आणि प्रत्येक गटाचा अर्थ वेगळा लावावा लागतो.

सगळ्यात मोठा गट : काहीच घडत नाही. 'मीक्स कटऑफ'बद्दल ही तक्रार हमखास असते. १८४५ साली ओरेगनच्या वाटेवर स्टीफन मीक नावाच्या वाटाड्याने एका काफिल्याला आडवाटेने नेलं आणि लोक रानात भरकटले, हा इतिहास. खऱ्या काफिल्यात सुमारे २०० गाड्या होत्या, चित्रपटात तीन. सुरुवातीला लोक नदी ओलांडतात, पाणी भरतात, एक जण लाकडावर 'हरवलो' अशा अर्थाचा शब्द कोरतो, आणि बराच वेळ कोणी बोलत नाही. पुढे एमिली (मिशेल विल्यम्स) एका अनोळखी मूळनिवासी माणसाला पाहते आणि इशाऱ्यासाठी बार काढते. बंदूक ठासणीची. पहिला बार, मग दारू ओतणं, गोळी, गज, मग दुसरा बार, आणि हे सगळं कॅमेरा जागचा न हलता बघत राहतो. ज्याला हा प्रसंग लांबलेला वाटतो त्याचं घड्याळ बरोबरच आहे. पण त्या लांबीतूनच कळतं की त्या काळी संकटात दुसरी गोळी मिळायला किती वेळ जायचा. 'काहीच घडत नाही' असं लिहिणाऱ्याने या प्रसंगाचा उल्लेख केला असेल तर त्याचं मत कामाचं आहे. त्याने पाहिलंय आणि त्याला नको आहे. तुम्हाला असला प्रसंग हवा असेल तर ती तक्रार तुमच्यासाठी शिफारसच ठरते.

दुसरा गट : दिसत नाही, ऐकू येत नाही. ही तक्रार अर्धी दिग्दर्शकाकडे जाते आणि अर्धी घरच्या टीव्हीकडे. 'मीक्स कटऑफ'मध्ये पुरुषांच्या मसलती मुद्दाम लांबून, बायका उभ्या असतील तिथून ऐकू येतात, म्हणून शब्द तुटतात. मूळनिवासी माणसाच्या बोलण्याला उपशीर्षकं नाहीत, कारण प्रवाशांनाही ते कळत नाही. इंग्रजी उपशीर्षकं लावून बघणाऱ्याला दूरच्या मसलती स्वच्छ वाचता येतात आणि बायकांना अंधारात ठेवलंय ही गोष्टच निसटते. रात्रीचे प्रसंग कंदील आणि शेकोटीच्या मिणमिणत्या उजेडातले आहेत. खोलीतली ट्यूबलाइट चालू असेल तर पडदा काळाच दिसणार. चौकट जवळजवळ चौकोनी, १.३७ : १. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा बिघाड नव्हे. टीव्हीवर झूम करून त्या घालवल्या तर वरचं आभाळ आणि खालची जमीन कापली जाते. टीव्हीचं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद करावं, नाहीतर पडद्यावरचं माळरान मालिकेच्या सेटसारखं दिसायला लागतं. तेव्हा 'अंधारच अंधार' या मतापायी गुण कापलेले दिसले तर ते थोडे परत जोडून घ्यायला हरकत नाही.

तिसरा गट शेवटाबद्दलचा. इथे दोन वेगळ्या तक्रारी एकाच वाक्यात येतात. (शेवट आधी कळायला नको असेल तर पुढचा परिच्छेद गाळा.)

'मीक्स कटऑफ'चा शेवट खरोखरच उघडा आहे. पाणी मिळालं का, वाटाड्या खरा होता की तो मूळनिवासी, याचं उत्तर चित्रपटात नाहीच. ते नसणं ज्याला चालत नाही त्याने कमी गुण दिले तर त्यात चूक काढता येत नाही. 'द पॉवर ऑफ द डॉग'चं उलटं आहे. त्याचा शेवट पक्का बंद आहे, फक्त कोणी तोंडाने समजावत नाही. पीटर नावाचा तरुण हातमोजे घालून डोंगरातल्या मेलेल्या गायीचं कातडं सोलतो. गुरांचा मालक फिल हातमोजे वापरत नाही, त्याच्या हाताला उघडी जखम असते आणि तो त्याच कातड्याच्या वाद्या पाण्यात भिजवून दोर वळतो. नंतर अँथ्रॅक्सचा (गुरांपासून जखमेवाटे माणसाला होऊ शकणाऱ्या जीवघेण्या रोगाचा) उल्लेख येतो, पण मोजक्या शब्दांत. 'फिल अचानक मेला, कारणच दिलं नाही' असं लिहून ४ गुण देणाऱ्याने चित्रपट पाहताना फोन पाहिला असावा. असं मत सरासरीत धरलं जातं, पण तुमच्या निर्णयात धरू नये.

उरला सिनेमास्कोर, ज्याला लोक प्रेक्षकांचा अंतिम निकाल समजतात. अमेरिकेत प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांकडून ए पासून एफ पर्यंत श्रेणी घेतात. मोजलं जातं ते मुख्यतः हे, की जाहिरात पाहून जे घ्यायला आलात ते मिळालं का. जेसी जेम्सवाल्या डॉमिनिकच्याच 'किलिंग देम सॉफ्टली' (२०१२) या गुन्हेगारीपटाला सरळ एफ मिळाला, आणि तरीही समीक्षकांच्या टक्क्यांत तो पासच आहे. शांत वेस्टर्नना बऱ्याचदा ही श्रेणी नसतेच, कारण ते मोजक्या पडद्यांवर किंवा थेट घरच्या टीव्हीवर येतात. श्रेणी नाही याचा अर्थ वाईट असा काढू नये.

आणि मत कोणाचं, कधीचं, हेही बघावं. 'द पॉवर ऑफ द डॉग' नेटफ्लिक्सवर १ डिसेंबर २०२१ ला आला आणि पुढे ऑस्करची १२ नामांकनं मिळाल्यावर ज्यांनी एरवी वेस्टर्न उघडलाही नसता तेही बघायला बसले. अशांचे कमी गुण ढिगाने जमा होतात. जेसी जेम्सचं बरोबर उलट झालं. १६० मिनिटांचा चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी फारसा चालला नाही. नंतर आला तो शोधून बघणारा प्रेक्षक : रॉजर डीकिन्सच्या छायाचित्रणासाठी, केसी अफ्लेकच्या अभिनयासाठी, निक केव्ह आणि वॉरन एलिसच्या संगीतासाठी. आवडेल याची खात्री असलेलेच आले, म्हणून सरासरी वर गेली. सुरुवातीला दिलेली आकड्यांची उलटापालट यातूनही येते. त्यामुळे नवा शांत वेस्टर्न आल्यावर पहिल्या आठवड्यात फक्त समीक्षकांची सरासरी बघावी, प्रेक्षकांच्या टक्क्यांकडे दोन-तीन महिने वळू नये, आणि आयएमडीबीचे खांब वर्षभराने परत उघडून बघावेत.