ई-इन्व्हॉइसची सक्ती आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर : पार्श्वभूमी

उलाढाल पाच कोटींच्या वर गेली की ई-इन्व्हॉइस (प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेण्याची पद्धत) लागू, हे आता बहुतेक अकाउंटंटना पाठ असतं. तरीही सॉफ्टवेअर घेताना आणि जुळवताना तेच तेच घोळ होतात, कारण ही पद्धत कोणत्या दुखण्यावरचा इलाज म्हणून आली हे फारसं कुणी सांगत नाही. ते कळलं की पोर्टल कुठे अडून बसतं आणि कुठे काहीही चालवून घेतं, याचा उलगडा आपोआप होतो.

दुखणं जीएसटीच्या आधीचं आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला आणि खरेदीवर दिलेला कर विक्रीच्या करातून वजा करण्याची सोय झाली. विकणाऱ्याने बिलात कर लावला, पैसे घेतले आणि सरकारजमा केलेच नाहीत, तरी खरेदीदाराच्या हातात बिल असायचं आणि त्यावर तो वजावट मागायचा. माल न देता नुसती बिलं विकणाऱ्यांना बाजारात ‘हवाला’ विक्रेते म्हणत. विक्रीकर विभागाने अशा संशयितांच्या याद्याच प्रसिद्ध केल्या. ऑडिट अहवालातल्या जे-१ आणि जे-२ या ग्राहकनिहाय व पुरवठादारनिहाय तक्त्यांवरून संगणकावर ताळमेळ घेतला जायचा, पण तो वर्ष संपल्यानंतर. शासनाच्या तिजोरीत प्रत्यक्ष जमा झालेल्या कराइतकीच वजावट मिळेल, असं सांगणारं व्हॅट कायद्याचं कलम ४८(५) मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरवलं. प्रामाणिक खरेदीदारासाठी हा जबर धक्का होता: विकणाऱ्याने कर भरला की नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता, आणि भुर्दंड मात्र त्याच्या माथी.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तो हा प्रश्न सोडवण्याचं वचन घेऊनच. जीएसटीआर-१ या विवरणपत्रात विक्री, जीएसटीआर-२ मध्ये खरेदी, दोन्ही बिलागणिक जुळवायचे आणि त्यातून जीएसटीआर-३ तयार व्हायचं, अशी मूळ आखणी होती. ती काही महिन्यांतच कोलमडली. नोव्हेंबर २०१७ च्या गुवाहाटी बैठकीत जीएसटी परिषदेने २ आणि ३ हे दोन्ही फॉर्म बाजूला ठेवले. तात्पुरता म्हणून आणलेला जीएसटीआर-३बी हा गोषवाऱ्याचा फॉर्मच कायमचा झाला. जुळवणी अवघड जाण्याचं एक मोठं कारण साधं होतं. एकच बिल दोन ठिकाणी हाताने टाइप होत होतं. एकाकडे नंबर ‘००४५/१७-१८’, दुसऱ्याकडे नुसता ‘४५’. माणसाला दोन्ही एकच वाटतात, संगणकाला नाही.

जुळवणी रखडली तरी वजावटीवरची पकड घट्ट होत गेली. ९ ऑक्टोबर २०१९ पासून जीएसटीच्या नियम ३६(४) ने, पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलांवरची वजावट त्याने दाखवलेल्या बिलांवरच्या वजावटीच्या २० टक्क्यांपुरती मर्यादित केली. जानेवारी २०२० मध्ये ही सवलत १० टक्के झाली, जानेवारी २०२१ मध्ये ५, आणि १ जानेवारी २०२२ पासून शून्य. त्यामुळे पुरवठादाराचं बिल बिनचूक सरकारी यंत्रणेत पोचणं ही खरेदीदाराचीही गरज बनली. आज मोठा ग्राहक आयआरएन (पोर्टलने बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक) नसलेलं बिल गेटवरूनच परत पाठवतो, त्याचं मूळ इथे आहे.

बिल निघतानाच ते कर यंत्रणेतून जाऊ द्यायचं, ही कल्पना भारताची नव्हे. चिली, ब्राझील, मेक्सिको हे देश यात आधीच पुढे गेले होते. इटलीने १ जानेवारी २०१९ पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधल्या बिलांना ते सक्तीचं केलं. आपल्याकडे २० सप्टेंबर २०१९ ला गोव्यातल्या बैठकीत परिषदेने बिलाच्या प्रमाणित मसुद्याला मान्यता दिली. १३ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने नियम ४८ मध्ये पोटनियम (४) आला, आणि १ एप्रिल २०२० पासून १०० कोटींवरच्या उलाढालीला सक्ती असं ठरलं. तयारी अपुरी होती. मार्चमध्ये तारीख ऑक्टोबरवर ढकलली गेली, आणि जुलैअखेर मर्यादाच ५०० कोटींवर नेली. १ ऑक्टोबर २०२० ला प्रत्यक्ष सुरुवात झाली. मग १ जानेवारी २०२१ ला १०० कोटी, त्याच वर्षी १ एप्रिलला ५० कोटी, १ एप्रिल २०२२ ला २० कोटी, १ ऑक्टोबर २०२२ ला १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटी.

या उतरत्या पायऱ्यांनी सॉफ्टवेअरचं चित्र बदललं. पहिल्या टप्प्यातल्या कंपन्यांकडे मोठ्या ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअर प्रणाली) होत्या आणि त्या जुळवायला माणसं होती. १० आणि ५ कोटींच्या टप्प्यात आले ते घाऊक विक्रेते, छोटे कारखाने, वितरक. त्यांचं बिलिंग एका प्रोग्रॅममध्ये, हिशेब टॅलीत आणि साठा वहीत, असा प्रकार सर्रास होता. अशांसाठी एनआयसी या सरकारी संगणक संस्थेने मोफत ऑफलाइन साधनं दिली आहेत: तक्ता भरायचा, त्याची जेसन (पोर्टलला वाचता येणाऱ्या साच्यातली) फाइल करायची, पोर्टलवर चढवायची. दिवसाला चार-पाच बिलं असतील तर हे पुरतं. त्याहून जास्त असतील तर प्रत्येक बिल दोनदा हाताळलं जातं आणि २०१७ चीच चूक परत घरात येते. म्हणून बिल जिथे जन्मतं त्याच प्रोग्रॅममधून ते थेट पोर्टलला जावं, हा निकष आम्ही किमतीच्या आणि सगळ्या आकर्षक रिपोर्टांच्या वर ठेवू.

इथे एक गैरसमज अजून टिकून आहे. बिल सरकारच्या पोर्टलवर ‘बनत’ नाही. ते आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतं आणि नोंदणीसाठी इन्व्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलवर, म्हणजे आयआरपीवर जातं. आधी हे काम फक्त एनआयसीकडे होतं, २०२३ पासून खासगी आयआरपीही आले. पोर्टल पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), दस्तऐवजाचा प्रकार, त्याचा नंबर आणि आर्थिक वर्ष या चार गोष्टींवरून ६४ अक्षरांचा आयआरएन ठरवतं, त्यावर डिजिटल सही करतं आणि क्यूआर कोडसह परत पाठवतं. हा क्यूआर छापलेल्या बिलावर लागतोच. जीएसटीच्या नियम ४८(५) प्रमाणे, ज्याला ही पद्धत लागू आहे त्याने ती टाळून दिलेलं बिल हे बिलच मानलं जात नाही. पूर्वीच्या तीन प्रतींची सक्ती मात्र ई-इन्व्हॉइसला नाही.

आयआरएनमध्ये रक्कम नाही, ग्राहकही नाही. म्हणून ग्राहक बदलून तोच नंबर पुन्हा पाठवला तरी २१५० हा ‘डुप्लिकेट आयआरएन’चा एरर येतो. दोन काउंटरवर एकाच जीएसटीआयएनखाली एकच मालिका चालत असेल तर हा एरर रोजचा होतो; प्रत्येक काउंटरला वेगळी आद्याक्षरं द्यावीत. नंबर १६ अक्षरांपर्यंत, अक्षरं-आकड्यांखेरीज फक्त तिरपी रेघ आणि डॅश चालतात, आणि सुरुवात शून्याने किंवा या चिन्हांनी करता येत नाही. जून २०२५ पासून लहान-मोठी इंग्रजी लिपी पोर्टल एकच धरतं. या एररची जास्त धोक्याची तऱ्हा म्हणजे नेट मध्येच तुटणं. पोर्टलवर आयआरएन तयार झालेला असतो, उत्तर आपल्यापर्यंत पोचलेलं नसतं. घाईत नंबर बदलून बिल पुन्हा पाठवलं की एकाच मालाची दोन बिलं जीएसटीआर-१ मध्ये उतरतात. अशा वेळी नंबर जसाच्या तसा ठेवून आधीचा आयआरएन पोर्टलवरून मागवून घ्यायचा असतो. सॉफ्टवेअर निवडताना ही सोय समोर करून दाखवायला सांगावं.

बाकीचे बहुतेक एरर मास्टरमधून, म्हणजे ग्राहक आणि मालाच्या साठवून ठेवलेल्या माहितीतून येतात. ग्राहकाचा पिनकोड आणि राज्य जुळत नसेल तर ३०३९. जीएसटीआयएन रद्द झालेला असेल तर बिल परत. वर्षानुवर्षं ‘पत्ता’ या एकाच रकान्यात गाव, पिन, फोन सगळं कोंबलेलं असतं, त्याची फोड करणं हेच नव्या सॉफ्टवेअरवर जाण्यातलं सर्वांत वेळखाऊ काम. मापाची एककंही ठरलेल्या कोडमध्येच हवीत. ‘नग’, ‘डबा’, ‘बंडल’ अशी घरगुती नावं प्रत्येकी एका कोडला जोडून घ्यावी लागतात. पाच कोटींवर एचएसएन, म्हणजे मालाचा वर्गीकरण कोड, सहा आकडी लागतो. निर्यातीत ग्राहकाच्या जीएसटीआयएनच्या जागी ‘यूआरपी’ (नोंदणी नसलेली व्यक्ती), राज्य ९६ आणि पिन ९९९९९९.

बेरजेत पोर्टल एका रुपयाचा फरक सोसतं, त्याहून जास्त नाही. भाड्याची रक्कम इथे हमखास फसवते. बिलाच्या तळाशी ‘इतर आकार’ म्हणून ती टाकली तर त्या रकान्यावर कर धरला जात नाही. भाड्यावर कर लावला असेल तर करपात्र रक्कम आणि कर यांचं गणित बिघडतं. भाडं वेगळी ओळ म्हणून किंवा मालाच्या करपात्र किमतीत धरून दाखवावं. आयकराच्या कलम २०६सी(१एच) चा टीसीएस (विकणाऱ्याने ग्राहकाकडून गोळा करायचा कर) योगायोगाने १ ऑक्टोबर २०२० लाच सुरू झाला होता, आणि तो मात्र ‘इतर आकार’मध्येच जायचा. १ एप्रिल २०२५ पासून तो बंद आहे, तरी जुन्या सेटिंगमध्ये तो चालू राहिलेला असू शकतो. तपासावं.

कराचा दर त्या मालासाठी बरोबर आहे का, हे आयआरपी बघत नाही. १८ टक्क्यांच्या मालाला १२ लावलेलं बिलही आरामात नोंदलं गेलं असतं. पोर्टलचा रोख बिलाची ओळख आणि अंकगणित यांवर आहे, कारण २०१७ ची जुळवणी तिथेच फसली होती. आयआरएन मिळाला म्हणजे बिल बरोबर, असं समजू नये.

चूक दुरुस्त करण्याची खिडकी लहान आहे. आयआरपीवर बिलात बदल होत नाही. २४ तासांच्या आत अख्खं बिल रद्द करता येतं, आणि त्यावर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन दस्तऐवज) चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. रद्द झालेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की क्रेडिट नोट किंवा जीएसटीआर-१ मधली दुरुस्ती. नोंदणीलाही मुदत आली आहे: १०० कोटी आणि त्यावरच्यांना १ नोव्हेंबर २०२३ पासून, १० कोटी आणि त्यावरच्यांना १ एप्रिल २०२५ पासून, बिलाच्या तारखेपासून ३० दिवस. क्रेडिट आणि डेबिट नोटही यात आल्या. महिनाअखेरीला सगळं एकदम चढवण्याची सवय असलेल्यांनी ती लगेच सोडावी, कारण ३१ व्या दिवशी पोर्टल बिल घेतच नाही.

लागू आहे की नाही, यावरही गोंधळ होतो. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षात, एकाच पॅनवरच्या सगळ्या राज्यांची मिळून, निर्यात आणि करमुक्त विक्री धरून उलाढाल पाच कोटींवर गेली असेल तर लागू. नंतर धंदा घटला तरी सुटका नाही. बँका, विमा कंपन्या, माल वाहतूक एजन्सी, एसईझेडमधली (विशेष आर्थिक क्षेत्रातली) युनिट यांना सूट आहे. किरकोळ ग्राहकाच्या बिलाला आयआरएन नको. सरकारी खात्याचा जीएसटी क्रमांक फक्त टीडीएसपुरता असला तरी त्याला दिलेल्या बिलाला मात्र तो हवा, असं जुलै २०२३ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे.

कंपन्यांसाठी आणखी एक धागा याला येऊन मिळतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी ऑडिट ट्रेल सक्तीची आहे आणि ती बंद करता येता कामा नये. रद्द केलेलं बिल सॉफ्टवेअरमधून पुसून टाकण्याची जुनी सवय त्यामुळे दोन्हीकडून अडचणीत आणते. ते ‘रद्द’ म्हणून मालिकेत राहू द्यावं. पोर्टलवरून सही केलेली जेसन फाइल आयआरएन मिळाल्यापासून सहा महिनेच उतरवून घेता येते. कायद्याने मात्र हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, म्हणजे २०२३-२४ ची बिलं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. या फाइलींचा बॅकअप दर महिन्याला वेगळ्या जागी घ्यावा, आणि सॉफ्टवेअर बदलताना जुन्या प्रोग्रॅमचा परवाना संपण्याआधी त्या सगळ्या बाहेर काढून ठेवाव्यात.