गिनी पिगचा पिंजरा : तळ आणि अंथरूण (गोवा)

पाळीव गिनी पिगच्या पिंजऱ्याचा पक्का तळ आणि त्यावर पसरायचे मऊ, शोषक अंथरूण यांची निवड व निगा. हा प्राणी (शास्त्रीय नाव केव्हिया पोर्सेलस) मांजरासारखा कपाटावर चढून बसत नाही की पोपटासारखा दांडीवर झोपत नाही. खाणे, मुतणे, झोपणे सगळे एकाच पातळीवर चालते, त्यामुळे पायाखाली जे असेल त्याच्याशी त्याचा चोवीस तास संबंध येतो. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तेव्हा इथे अंथरूण निवडताना आधी विचारायचे ते हे, की ते कोरडे राहील का, आणि धुतले तर वाळेल का. मऊपणाचा विचार त्यानंतर.

गिनी पिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीचा. तिथल्या लोकांनी तो काही हजार वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवला. आजही तिथल्या खेड्यांत तो स्वयंपाकघरातल्या मातीच्या जमिनीवर, गवताच्या काडीकचऱ्यात मोकळा फिरताना दिसतो. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला. थंड, कोरड्या डोंगराळ हवेतला हा जीव समुद्रकाठच्या दमट हवेत आणला, की जमिनीची जी सोय तिकडे आपोआप होत होती ती इथे माणसाला करावी लागते.

पाय व मूत्र : त्याच्या पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे असतात. तळपायावर केस नसतात. 700 ते 1200 ग्रॅमचे शरीर या उघड्या, नाजूक तळव्यांवर तोललेले असते. तळ खडबडीत किंवा ओला असला की आधी तळवा लाल होतो, मग कातडी जाड होऊन भेगाळते आणि त्या भेगेतून जिवाणू (बहुधा स्टॅफिलोकॉकस) आत शिरतात. पोडोडर्मटायटिस नावाचा हा विकार एकदा हाडापर्यंत गेला की बरा करणे फार कठीण. वाढलेली नखे आणि लठ्ठपणा यांनी तो बळावतो. क जीवनसत्त्वाची कमतरता हेही त्यामागचे एक कारण आहे, कारण माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. म्हणून कितीही चांगले अंथरूण घातले तरी रोजची ढब्बू मिरची किंवा पेरूची फोड चुकवून चालत नाही.

त्याचे मूत्र अल्कधर्मी आणि गढूळ असते. वाळले की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरट खरपुडा मागे राहतो. नवख्याला हा रोग वाटतो, पण पातळ पांढरा थर नेहमीचाच. वाळूसारखे खरखरीत कण किंवा लालसर डाग दिसले तर मात्र डॉक्टर गाठावा. यासाठीच अंथरूण फिक्या रंगाचे असलेले बरे. गडद निळ्या किंवा लाल कापडावर रक्ताचा डाग दिसतच नाही, आणि दुकानात नेमकी तीच कापडे जास्त खपतात.

तळ : बाजारात मिळणारे बरेचसे पिंजरे मुळात पक्ष्यांसाठी किंवा सशांसाठी केलेले असतात. तळाला जाळी आणि जाळीखाली ओढून काढायचा ट्रे. साफसफाईला सोपे, म्हणून विकणारा हीच बाजू सांगतो. गिनी पिगचा पाय मात्र त्या जाळीच्या भोकात अडकून मोडू शकतो आणि तळवे तर हमखास दुखावतात. असा पिंजरा घरात आलाच असेल तर जाळी काढून टाकावी किंवा तिच्यावर सलग तक्ता पक्का बसवावा. प्लायवूडचा तक्ता गोव्यात एका पावसात फुगतो, त्याचे थर सुटतात आणि मूत्र मुरले की वास कधीच जात नाही. फलक करायला वापरतात ती पोकळ प्लॅस्टिकची सनपॅक शीट यासाठी सर्वांत सोयीची. ती कटरने कापता येते, कडा पंधरा-वीस सेंटिमीटर वर दुमडून तिचाच ट्रे होतो आणि नळाखाली धुता येते. दोन गिनी पिगांसाठी निदान 120 × 60 सेंटिमीटरची सपाट जागा लागते. दुमजली पिंजरा उंच दिसतो, पण या प्राण्याला उंचीचा उपयोग नाही.

घराची लादी किंवा जुन्या घरांतला तांबडा गुळगुळीत कोबा उघडा ठेवून त्यावर प्राणी सोडला तर पाय घसरतात, आणि पावसात लादीला घाम फुटतो तो वेगळाच. शेणाने सारवलेली जमीन ओल शोषते खरी, पण ती धुता येत नाही.

अंथरुणाचे प्रकार : लाकडाचा भुसा गोव्यात सर्वांत सहज आणि जवळजवळ फुकट मिळतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. आरागिरणीतला बारीक भुसा वापरू नये. तो धुळीसारखा उडतो, नाकात जातो, आणि नराच्या जननेंद्रियाशी चिकटून गोळा होतो. शिवाय गिरणीत त्या दिवशी साग, फणस, आंबा काय काय चिरले गेले आणि त्यात प्लायवूडचा गोंद मिसळला का, हे पोत्याकडे बघून कळत नाही. रंध्यातून निघणाऱ्या पातळ, कुरळ्या ढलप्या त्याहून पुष्कळ चांगल्या, मात्र लाकूड कोणते हे सुताराला विचारूनच घ्याव्यात. देवदारासारखे सुवासिक लाकूड टाळावे, कारण त्या वासातली द्रव्ये यकृतावर आणि श्वसनावर परिणाम करतात. पाइनच्या ढलप्या भट्टीत वाळवलेल्या असतील तर चालतात. तापवल्याने त्यातली उडनशील द्रव्ये बरीचशी निघून गेलेली असतात. ढलप्यांचा थर 5 ते 8 सेंटिमीटर हवा. दोन बोटे जाडीचा थर घालून बचत करणाऱ्याचा ट्रे तिसऱ्या दिवशी दुर्गंधी सोडतो.

भाताचे तूस कोंबड्यांच्या शेडमध्ये चालते, गिनी पिगला नको. ते टोचते आणि ओल धरत नाही. कापणीनंतर शेतात मिळणारा पेंढाही दांडीला कडक असतो. त्याची टोके डोळ्यात जातात आणि आत ओल राहिली असेल तर दोन दिवसांत बुरशी धरते. नारळाची सोडणे घरोघरी पडलेली असल्यामुळे काथ्या पसरण्याचा मोह होतो, पण त्याचे लांब धागे पायाच्या बोटांना गुरफटतात आणि रक्तपुरवठा तुटतो. कोकोपीट पाणी भरपूर शोषते, मात्र ते सोडत नाही, म्हणून पृष्ठभाग कायम गार-ओलसर राहतो. कुंडीला हवा तो नेमका हाच गुण इथे नडतो. मांजरासाठी विकतात ती गोळा होणारी वाळू तर अजिबात घालू नये. गिनी पिग समोर येईल ते कुरतडून पाहतो, आणि ती वाळू पोटात गेली की तिथेही गोळाच होते.

कागदाचे तयार अंथरूण मऊ, कमी धुळीचे आणि महाग. घरातली वर्तमानपत्रे फाडून घातली तर खर्च नाही, पण नुसता कागद ओला झाला की चिकटतो आणि निसरडा होतो. त्याची खरी जागा सर्वांत खाली, ढलप्यांच्या किंवा कापडाच्या पोटात.

फ्लीस म्हणजे थंडीतल्या स्वस्त पांघरुणांचे कापड. या कापडाची खुबी अशी, की ते स्वतः ओल धरून न ठेवता खाली झिरपू देते. तेव्हा त्याखाली शोषणारा थर असेल तरच त्याचा उपयोग : जुने टॉवेल, पंचे, चादरीच्या घड्या. नवे फ्लीस मात्र आधी पाणी अंगावरून ओघळू देते. चार-पाच वेळा धुतल्यावरच ते झिरपू लागते, आणि कपडे मऊ करणारे द्रावण घातले तर ही झिरपण पुन्हा बंद पडते. वापरण्याआधी त्यावर चमचाभर पाणी सांडून बघावे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर कापड अजून तयार नाही.

गवत हे अन्न आहे, अंथरूण नव्हे. तरी दोन्ही एकमेकांत मिसळणारच. गिनी पिग गवत खाता खाता तिथेच मुततो. या सवयीशी भांडण्यापेक्षा तिचा फायदा घ्यावा. एका कोपऱ्यात उथळ ट्रे ठेवून त्यात ढलप्यांचा किंवा कागदी गोळ्यांचा जाड थर घालावा आणि गवत बरोबर त्याच्या वर लटकवावे. निम्म्याहून अधिक ओल तिथेच अडते आणि उरलेला तळ जास्त दिवस टिकतो. रोज तेवढाच कोपरा बदलला तरी पुष्कळ काम होते.

पावसाळ्यातली व्यवस्था : ऑक्टोबर ते मे फ्लीस उत्तम. सकाळी धुतलेले दुपारी वाळते. जुलैत तेच कापड दोरीवर तीन दिवस लोंबकळते आणि शेवटी वाळण्याऐवजी आंबते. अर्धवट वाळलेले कापड पिंजऱ्यात घातले की त्यावर बुरशी येते, आणि ओल व मूत्र एकत्र आले की जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करतात. अमोनियाने श्वासनलिका चिडते आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात फ्लीस गुंडाळून ठेवावे आणि चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत ढलप्यांवर किंवा कागदावर यावे. खर्च वाढतो, वाळवणाचा प्रश्न मिटतो. कापडच वापरायचे असेल तर शिवलेल्या जाड गाद्या नकोत; फ्लीस वेगळे आणि टॉवेल वेगळा ठेवावा म्हणजे दोन्ही पंख्याखाली लवकर सुटतात. वरून इस्त्री फिरवली तर उरलेला दमटपणा जातो, पण फ्लीस वितळते, त्यामुळे इस्त्री अगदी कोमट हवी. गुंडाळलेल्या कापडात कपाटातल्या सवयीने डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. त्या गिनी पिगला विषारी आहेत.

चवथीला घर बंद करून गावी जाणाऱ्यांची अडचण निराळी. दाणापाणी शेजारी बघतात, अंथरूण बदलायचे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा ढलप्यांचा थर नेहमीपेक्षा जाड घालून, ट्रेचा कोपरा कसा बदलायचा हे समोर करून दाखवूनच निघावे.

ढलप्या आणि गवत यांची पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवली तर ती खालून भिजतात. झाकणाच्या डब्यात, पाटावर ठेवावीत. पोत्यात हात घातल्यावर गार लागले किंवा कुबट वास आला तर वरचा भाग चांगला दिसतो म्हणून वापरू नये.

उन्हाळा : एप्रिल-मेमधला उकाडा गिनी पिगला सोसत नाही, त्याला 18 ते 24 अंश सेल्सिअस मानवते. या दिवसांत थर पातळ करून एका कोपऱ्यात संगमरवराचा किंवा लादीचा तुकडा ठेवावा. प्राणी त्यावर आपणहून येऊन पसरतो. सगळाच तळ लादीचा मात्र करू नये.

तपासणी : हाताची मागची बाजू अंथरुणावर दहा सेकंद दाबून धरावी. ओल जाणवली तर बदलायची वेळ टळून गेली आहे. वासासाठी उभ्याने हुंगून उपयोग नाही. गुडघ्यांवर बसून नाक पिंजऱ्याच्या तळापाशी न्यावे, कारण प्राणी त्याच उंचीवर श्वास घेतो. आठवड्यातून एकदा त्याला मांडीवर घेऊन मागचे पाय उलटे करून बघावेत. निरोगी तळवा गुळगुळीत व एकसारख्या रंगाचा असतो (काही गिनी पिगांचे तळवे मुळातच काळे असतात). टाचेपाशी लाली, चकाकी किंवा छोटी खपली दिसली तर अंथरूण त्याच दिवशी बदलावे आणि पशुवैद्याला दाखवावे. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ, पण लहान कृंतक प्राणी हाताळणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवलेला बरा. कुत्र्यांना सर्रास दिली जाणारी काही प्रतिजैविके, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, तोंडावाटे दिल्यास गिनी पिगच्या जिवावर बेततात.

स्वच्छता : लेंड्या रोज झाडून घ्याव्यात. ढलप्या चार ते सात दिवसांनी, फ्लीस तीन-चार दिवसांनी पूर्ण बदलावे. धुण्यापूर्वी कापड अंगणात जोरात झटकावे आणि उशीच्या अभ्र्यात बांधून मशीनमध्ये टाकावे, नाहीतर केस गाळणीत अडकतात. ट्रेवरचा पांढरा खरपुडा साबणाने निघत नाही, व्हिनेगरने निघतो. गोव्याच्या स्वयंपाकघरात माडाच्या सुरेचे व्हिनेगर असतेच. ते ओतले की खरपुडा फसफसतो आणि दहा मिनिटांत सुटतो. मग साध्या पाण्याने धुऊन ट्रे पूर्ण वाळवावा.

मुंग्यांवर जुना उपाय लागू पडतो : पिंजरा चौरंगावर ठेवून चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. डास होऊ नयेत म्हणून पाणी दर दोन दिवसांनी बदलावे. मुंग्या मारायचा खडू किंवा पावडर जवळपास आणू नये.

वापरलेल्या ढलप्या, कागद, गवत आणि लेंड्या यांचे खत होते. गिनी पिग शाकाहारी असल्यामुळे लेंड्या थेट माडाच्या आळ्यात टाकल्या तरी चालतात. ढलप्या मात्र आधी खड्ड्यात कुजू द्याव्यात, कारण कच्चे लाकूड कुजताना मातीतला नत्र ओढून घेते. अंगण नसलेल्यांनी हा कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत न बांधता कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्यावा.