पहिल्याच मण्याला खात्री

‘शेजारी रोज रात्री भिंतीतून गॅस सोडतात,’ असं कुणी ठामपणे सांगू लागलं की घरचे आधी समजूत घालतात. भिंत ठोकून दाखवतात, शेजाऱ्यांना बोलावून शपथ घ्यायला लावतात. तासाभराने उत्तर येतं, ‘तुम्हालाही फितवलंय त्यांनी.’ भ्रम म्हणजे चुकलेला हिशेब, नीट पटवलं की सुटेल, असं आपण धरून चालतो. पण हाच माणूस दुकानाचा जमाखर्च बिनचूक लिहीत असतो.

घोटाळा हिशेबाच्या आधीच होतो. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी असतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांमध्ये त्यांचे संदेश मोजले. अचानक रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात चेततात. रसाआधी दर वेळी दिवा लागतो हे माकड शिकलं, की त्या दिव्याला चेततात आणि रसाला गप्प राहतात. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे हा संदेश निव्वळ सुखाचा नाही. ‘अंदाज चुकला, इकडे लक्ष दे’ असा तो इशारा आहे.

आता हा इशारा कारण नसताना वाजू लागला तर? जिन्यातला खोकला, समोर थांबलेली रिक्षा, टीव्हीवरचं एखादं वाक्य, सगळंच आपल्यासाठी आहे असं वाटू लागतं. मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ साली मांडलेला विचार असा: भ्रम म्हणजे या खोट्या इशाऱ्यांना माणसाने शोधलेलं स्पष्टीकरण. ते सापडलं की जीव थोडा शांत होतो, म्हणून तो ते सोडत नाही.

त्यात घाईची भर पडते. एका बरणीत ८५ लाल, १५ निळे मणी, दुसरीत उलट. लपवलेल्या एका बरणीतून एकेक मणी दाखवून परत टाकायचा आणि बरणी कुठली ते विचारायचं. पहिला मणी लाल निघाला तर लाल बरणीची शक्यता ८५ टक्के, दुसराही लाल तर ९७, तिसऱ्याला ९९च्या वर. भ्रम असलेली बरीच माणसं पहिल्या-दुसऱ्या मण्यालाच निकाल देतात. इतर बहुतेक जण आणखी मणी मागतात.

भ्रमावरची बहुतेक औषधं डोपामिनचे डी-२ ग्राहक, म्हणजे पेशींवर त्याचा संदेश झेलणाऱ्या जागा, अडवतात. साधारण ६५ टक्के ग्राहक अडले की गुण येतो. ८०च्या आसपास गेलं की अंग ताठरणं, हात थरथरणं सुरू होतं. पट्टा अरुंद आहे, म्हणून मात्रा आपल्या मनाने वाढवू नये. औषधाने नवे इशारे मंदावतात, जुनी गोष्ट पुसली जात नाही. ती सैल व्हायला आठवडे लागतात आणि ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद केल्या जातात त्या याच काळात.

याच काळात कुणीतरी ‘करणी’ सुचवतं. त्याने भ्रमाला आयता शत्रू मिळतो. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं-मारणं महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे.

घरच्यांनी वाद घालू नये आणि होकारही भरू नये. ‘गॅस मला जाणवत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय. झोप किती होते?’ इतकं विचारावं. गांजा किंवा इतर नशा आहे का ते डॉक्टरांना सांगावं. म्हाताऱ्या माणसात संशय दोन-चार दिवसांत अचानक उपटला, तर लघवीतला जंतुसंसर्ग आधी तपासून घ्यावा. ठरावीक माणसाचं नाव घेऊन ‘त्याला बघून घेतो’ अशी भाषा सुरू झाली, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन रात्रीही चालू असते.