कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) : शाळेतल्या मुलांसाठी ओळख

जे काम माणसाने केलं की आपण "याला डोकं लागतं" म्हणतो ते कॉम्प्युटरकडून करून घ्यायची विद्या म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. बोलताना सगळे एआयच म्हणतात. मराठीत कृत्रिम प्रज्ञा असाही शब्द चालतो, पण प्रज्ञा म्हटलं की त्यात समज, विवेक असं बरंच काही येतं आणि मशीनला एवढा मोठेपणा द्यायचं कारण दिसत नाही, म्हणून इथे बुद्धिमत्ताच ठेवलंय. मोबाइल फोटोतले चेहरे ओळखतो, मॅप रस्ता सांगतो वगैरे उदाहरणं पोरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात, ती सोडून देऊ.

सुरुवात नेमकी कधीची यावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी 1956 लिहिलेलं असतं, कारण त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, क्लॉड शॅनन आणि नॅथॅनियल रॉचेस्टर यांनी एक बैठक भरवली होती. पण नाव त्याआधीचं आहे, बैठकीसाठी पैसे मागायला जो प्रस्ताव लिहिला तो ऑगस्ट 1955 चा आणि "आर्टिफिशियल इंटेलिजन्स" हे शब्द त्याच्या मथळ्यातच आहेत. शब्द मॅकार्थींचा असं मानतात, मात्र आपण तो आधी कुठे ऐकलाच नव्हता अशी शपथ घेता येणार नाही असं ते स्वतःच पुढे म्हणाल्याचं सांगतात. प्रस्तावात दहा जणांनी दोन महिने बसायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात लोक येऊन-जाऊन होते आणि बैठक साधारण सहा ते आठ आठवडे चालली असावी. ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन हे दोघे तर तिथे गणितातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम घेऊनच आले होते, तरी हे नाव त्यांना पटलं नाही आणि पुढची काही वर्षं ते स्वतःच्या कामाला दुसरंच नाव देत राहिले.

दुसरा पक्ष ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंगच्या 1950 च्या लेखापाशी जातो. मशीन विचार करू शकतं का, असा प्रश्न घेऊन त्याने परीक्षा अशी सुचवली की पडद्याआड कोण आहे ते न बघता फक्त लेखी गप्पा मारायच्या, आणि समोर माणूस की मशीन ते ओळखायचं. तिसरा पक्ष आणखी मागे, 1943 ला, वॉरन मॅक्युलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतल्या पेशीचं गणिती चित्र मांडलं तिथे जातो. नावाचा जन्म 1955-56 चा आणि कल्पनेचा आधीचा, असं म्हटलं तर तिन्ही पक्षांचं भागतं, आणि आज जे मशीन चालतात त्यांचं रक्ताचं नातं बघितलं तर 1943 वाल्यांचं पारडं जरा जड वाटतं.

ते नातं पर्सेप्ट्रॉनमधून, म्हणजे मेंदूतल्या पेशीच्या त्या चित्रावर बेतलेल्या, चुकांतून शिकणाऱ्या मशीनमधून दिसतं. 1958 मध्ये फ्रँक रोझेनब्लॅट यांनी तो एका मोठ्या आयबीएम कॉम्प्युटरवर चालवून दाखवला: कार्डावर खूण डावीकडे आहे की उजवीकडे एवढंच ओळखायचं, आणि साधारण पन्नास वेळा प्रयत्न करून मशीन ते शिकलं. आत काय होतं ते आंब्यावर करून बघू. हापूस पिकलाय का हे तीन गोष्टींवरून ठरवायचं: रंग पिवळा, वास येतोय, दाबल्यावर मऊ. हो असेल तर 1, नाही तर 0. तिन्हींना सुरुवातीला वजन (त्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं तो आकडा) 1 देऊ आणि ज्या गोष्टी "हो" आहेत त्यांच्या वजनांची बेरीज 1.2 च्या वर गेली तर "पिकला". आता एक आंबा पिवळा आहे, मऊही लागतोय, पण वास नाही (कार्बाइडवाला असणार). बेरीज 2, मशीन म्हणतं पिकला, कापला तर आत आंबट ढोण. चुकलं, म्हणून ज्या गोष्टी 1 होत्या त्यांचं वजन अर्ध्याने कमी करायचं. रंग 0.5, मऊपणा 0.5, वास तसाच 1. आता तोच आंबा परत दिला तर बेरीज 1 म्हणजे कच्चा, आणि दुसरा एखादा पिवळा अन् वासाचा आला तर 1.5 म्हणजे पिकला. बाजारात आजी देठाशी नाक लावते ते मशीनला एका चुकीत सापडलं! नियम कुणी लिहून दिला नाही, आकडे हलले फक्त. पण हेच मशीन पिकूनही लालसर-हिरवट राहणाऱ्या, फार मऊ न होणाऱ्या आंब्यापुढे ठेवलं तर वास येत असूनही बेरीज 1 च्या वर जात नाही आणि ते खुशाल कच्चा म्हणेल, कारण त्याने आयुष्यात हापूसच पाहिलाय.

एकट्या पर्सेप्ट्रॉनला "दोनपैकी नेमकी एकच गोष्ट खरी" असला साधा प्रश्न सुटत नाही हे मिन्स्की आणि सीमोर पेपर्ट यांनी 1969 मध्ये दाखवलं. त्यामुळेच हा मार्ग बंद पडला असं सरसकट लिहितात, ते जरा जास्तच होतं, कॉम्प्युटरची ताकद आणि डेटा दोन्ही तेव्हा तोकडे होते. उपाय म्हणजे असे अनेक पर्सेप्ट्रॉन जोडून थरावर थर रचायचे आणि चूक शेवटच्या थरापासून मागे वाटत न्यायची, ही रीत 1986 नंतर रुळली. 2012 मध्ये सुमारे 12 लाख फोटोंवर शिकवलेल्या अशा थरांच्या जाळ्याने फोटो ओळखायच्या स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकलं, त्यात साधारण 6 कोटी वजनं होती, आपल्या आंब्यात 3.

नोव्हेंबर 2022 मध्ये आलेलं चॅटजीपीटी याच घराण्यातलं, फक्त तिथे ओळखायचं ते पुढचा शब्द, खरं तर शब्दाचा तुकडा. "आलिया भोगासी" नंतर "असावे सादर" येणार हे त्याला भरपूर मजकूर वाचून कळलेलं असतं. पण जिथे असा मजकूर कमी तिथेही ते गप्प बसत नाही, शोभेलसं काहीतरी ठोकून देतं, म्हणून इतिहासाच्या प्रोजेक्टमध्ये त्याने दिलेलं साल पुस्तकात बघूनच लिहावं.

भारतीयांपैकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या आर. नरसिंहन यांनी चित्रांतले आकार ओळखण्यावर सुरुवातीचं काम केलं. सीबीएसईने 2019-20 पासून नववीला एआय हा ऐच्छिक विषय ठेवला.