काचेवर चिकटवलेली किंमत

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या किमती आठवून हळहळणाऱ्यांच्या तोंडी एक आकडा हमखास असतो: २,३६८ डॉलर. फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग ही गाडी लोकांपुढे आणली, तेव्हाची ही किंमत. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार गाड्यांची मागणी नोंदवली गेली आणि वर्षभरात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. ‘एवढ्याशा पैशांत एवढी देखणी गाडी मिळायची’ हा उसासा तिथून आलेला आहे.

आकडा खरा आहे, पण त्यात काय मिळायचं तेही पाहायला हवं. सहा सिलिंडरचं, १०१ अश्वशक्तीचं इंजिन. हाताने टाकायचे तीन गिअर. खालचा सांगाडा बराचसा फाल्कन या फोर्डच्याच स्वस्त गाडीचा. पुढच्या दोघांना वेगवेगळ्या बकेट सीट आणि गालिचा मात्र त्याच किमतीत. आत बसल्यावर गाडी आहे त्यापेक्षा महाग वाटावी, ही फोर्डचे अधिकारी ली आयकोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हुशारी. बाकी सगळ्याचे पैसे वेगळे. आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, पॉवर स्टिअरिंग, अगदी रेडिओसुद्धा यादीतून निवडायचा. एसीचे सुमारे २८० डॉलर, म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ आठवा हिस्सा. शिवाय किंमत डेट्रॉइटची. तिथून आपल्या गावापर्यंत गाडी आणण्याचं भाडं निराळं. गिऱ्हाईक सरासरी हजारेक डॉलरच्या जादा गोष्टी बसवून घेत असे. जाहीर तारखेच्या दोन दिवस आधीच शिकागोत विकली गेलेली एक उघड्या टपाची मस्टँग ३,४४७ डॉलर ५० सेंटना गेली. थोडक्यात, २,३६८ हा माणसाला शोरूमपर्यंत आणणारा आकडा होता.

पण निदान तो छापील तरी होता. सहा-सात वर्षं आधी गाडी घेणाऱ्याला तेवढाही आधार नव्हता.

१९५३ ते १९५५ या काळात फोर्ड आणि जनरल मोटर्सची शेव्हरले यांच्यात विक्रीतल्या पहिल्या क्रमांकासाठी जुंपली होती. कारखान्यांतून गाड्या धो धो बाहेर पडत आणि मागणी असो वा नसो, डीलरच्या गळ्यात मारल्या जात. डीलरने त्यातून आपली वाट काढली. समजा, कंपनीच्या हिशेबाने गाडी २,२०० डॉलरची आहे. डीलर ती २,७०० सांगे आणि गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीचे मात्र चारशे डॉलर जास्त देऊ करी. गिऱ्हाईक खूश: आपल्या खटाऱ्याला केवढा भाव मिळाला! नव्या गाडीची खरी किंमत कुठेच लिहिलेली नसल्यामुळे तोट्याचा पत्ताच लागत नसे. तिथल्या धंद्यात या वाढवून सांगण्याला ‘पॅक’ म्हणत. एकाच गावात, एकाच आठवड्यात, एकाच गाडीची किंमत दोन शेजाऱ्यांना वेगवेगळी पडे.

हे थांबवलं ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी. त्यांच्या समितीने डीलरांच्या तक्रारीही ऐकल्या होत्या, कारण प्रामाणिक डीलरचा यात चुराडा होत होता. १९५८ मध्ये कायदा झाला आणि १९५९ च्या मॉडेलांपासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कागद चिकटवणं सक्तीचं झालं. मूळ किंमत, प्रत्येक जादा वस्तूची वेगळी किंमत, वाहतुकीचं भाडं आणि बेरीज, सगळं त्यावर. गिऱ्हाइकाच्या ताब्यात गाडी जाण्याआधी तो काढणं हा गुन्हा. तिथे आजही त्याला ‘मन्रोनी स्टिकर’ म्हणतात. माझ्या मते ज्याला ‘मूळ किंमत’ म्हणून आज कवटाळलं जातं, ती या कागदानेच घडवली. त्याआधीच्या गाड्यांचे जे आकडे सांगितले जातात, ते कंपनीच्या पत्रकातले. डीलरच्या टेबलावर प्रत्यक्षात काय ठरलं, हे ज्याने गाडी घेतली त्यालाच ठाऊक.

अगदी सुरुवातीला तर किंमत उलट्या दिशेने चालली होती. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली तेव्हा ८५० डॉलरला होती. १९१३ मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली, आणि १९२५ पर्यंत तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरवर उतरला. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी मग दुसराच मार्ग धरला: स्वस्त शेव्हरलेपासून महाग कॅडिलॅकपर्यंत पायऱ्या, दरवर्षी नवा चेहरा, आणि हप्त्यांवर विक्री. तिथून किंमत ही प्रतिष्ठेची खूण झाली.

त्याच जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता; सुटे भाग आणून तिथे शेव्हरले जोडल्या जात. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने क्रायसलरशी करार करून कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ उभ्या केल्या. नुसती जोडणी नको, उत्पादन इथे करा, असं सरकारचं धोरण ठरल्यावर १९५४ च्या सुमारास शिवडीचं काम बंद पडलं.

आता उसाशाचा हिशेब. १९६४ मध्ये अमेरिकन कुटुंबाचं मध्यम उत्पन्न (निम्म्या कुटुंबांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) वर्षाला सुमारे ६,६०० डॉलर होतं. शिकागोतली ती मस्टँग म्हणजे अर्ध्या वर्षाची कमाई. आज तिथे कुटुंबाचं मध्यम उत्पन्न लाखभर डॉलरच्या आसपास आणि नवी गाडी सरासरी ५० हजारांच्या आसपास. प्रमाण फारसं हललेलं नाही. फरक आहे तो असा की, तेव्हा घरात बहुधा एकच कमावता असे आणि कर्ज तीन वर्षांत फिटे; आता दोघं कमावतात आणि हप्ते साडेपाच वर्षांहून जास्त चालतात. उसासा टाकणाऱ्यांचं इथे थोडं तरी बरोबर आहे. मात्र त्या गाड्यांचा, गाडी किती मैल चालली हे दाखवणारा आकडा ९९,९९९ नंतर शून्यावर येई, कारण त्यापुढे गाडी टिकेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. नव्या गाडीत सीट बेल्ट बसवण्याची सक्तीही १९६८ ची.

ज्या गाड्यांसाठी आज वेडे भाव मिळतात, त्यांतल्या काही तर तेव्हा कुणाला नको होत्या. १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड, मागे उंच पंख आणि पुढे चोचीसारखं नाक असलेली, ४,२९८ डॉलरलाही हलेना. काही डीलरांनी नाक काढून साधं तोंड बसवलं आणि ती खपवली. प्लिमथचीच १९७१ ची उघड्या टपाची, ‘हेमी’ या ताकदवान इंजिनाची ‘कुडा’ जेमतेम डझनभर बनली, कारण हेमीचे जादा पैसे आणि विम्याचा हप्ता दोन्ही तरुण गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेरचे. त्यांतली एक २०१४ मध्ये सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. विमा, प्रदूषणाचे नियम आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी त्या पिढीच्या गाड्या संपवल्या, आणि संपल्यावरच त्यांची ओढ सुरू झाली.

ही ओढ आधीच ओळखून पैसे लावणारेही निघाले. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ही अमेरिकेची शेवटची उघड्या टपाची गाडी, असा गाजावाजा झाला. सुमारे ११ हजार डॉलरची ती गाडी कित्येकांनी घेतली आणि न चालवता झाकून ठेवली. १९८४ मध्ये कॅडिलॅकने उघड्या टपाची एल्डोराडो पुन्हा बाजारात आणली. चिडलेले मालक कोर्टात गेले, पण दावा काही टिकला नाही.