महामारी आणि स्थलांतरित मजूर (मराठवाडा)

मराठवाड्यातून हंगामी कामासाठी बाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून येथे येणाऱ्या मजुरांच्या उपजीविकेवर साथरोगाचा होणारा परिणाम. येथे मुख्यतः २०२० मधील कोविड-१९ च्या टाळेबंदीचा विचार केला आहे.

बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतले ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आधीच घेतलेली ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, टनामागच्या दराने फेडायची असते. आजारपणाने काम बुडाले तरी ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. त्यामुळे साथीत रोजंदारीवाल्याची कमाई थांबते, तर ऊसतोड मजुराच्या अंगावर बाकी चढते आणि ती पुढच्या हंगामाच्या उचलीत धरली जाते.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम सरत आला होता. साखर जीवनावश्यक असल्याने गाळप बंद झाले नाही. ज्या कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, त्यांचे मजूर मात्र कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांत) अडकले. राज्यात अशांची संख्या लाखावर होती. आठवडी बाजार बंद, रेशनकार्ड गावाकडे. मजुरांचे बैल उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावर, जगतात. तोड थांबली की वाढेही मिळत नाहीत, आणि चारा विकत घ्यावा लागतो. आरोग्य तपासणी करून अडकलेल्या मजुरांना गावी सोडण्याची परवानगी १७ एप्रिलला मिळाली.

जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर भुसावळच्या दिशेने रुळांवरून पायी निघाले होते. ८ मे रोजी पहाटे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ जण मालगाडीखाली चिरडले गेले.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडली तरच लागू होत असे. बीडहून कोल्हापूरला गेलेला कोयता त्यात बसत नव्हता. ही उणीव सर्वांत गंभीर म्हणावी लागेल, कारण त्यामुळे अशा मजुराची या कायद्याखाली नोंदच होत नव्हती.

गावी परतल्यावर मुख्य आधार रोजगार हमीचा. २०२०-२१ मध्ये तिचा मजुरीचा दर दिवसाला २३८ रुपये होता. जॉबकार्ड असलेल्याने ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी केल्यावर १५ दिवसांत काम मिळायला हवे, नाहीतर बेरोजगार भत्ता देय होतो. मागणी तोंडी केली किंवा तारखेची पोच घेतली नाही, तर हे १५ दिवस कधी सुरू झाले हे दाखवता येत नाही आणि भत्त्याचा दावा टिकत नाही.